तक्त्याचा रिकामा कोपरा

चुका कुणी जपून ठेवत नाही, पण चुकांचे किस्से आपोआप साठत जातात. विश्वासरावांच्या कारखान्यात रद्द झालेल्या चित्रांची गुंडाळी करून कपाटामागे टाकायची पद्धत होती. दसऱ्याच्या साफसफाईला त्या गुंडाळ्या बाहेर निघायच्या, कुणीतरी एक उलगडायचं आणि साफसफाई तिथंच थांबायची! "सर, हा आठवतोय का?" एवढं म्हटलं की झालं. चहा यायचा, दुसरी गुंडाळी सुटायची आणि खोली होती तशीच राहायची. परवा जुन्या मित्रांना त्यातले दोन किस्से सांगितले, तर ते म्हणाले की उरलेले लिहून काढ. म्हणून बसलोय.

कारखाना म्हटलं की आमच्या बारामती-इंदापूर भागात माणूस लगेच विचारतो, "गाळप कधी सुरू हुतंय?" हा तसला कारखाना नव्हे. बारामतीच्या एसटी स्टँडमागे पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथं शाळांसाठी मानवी शरीराचे तक्ते तयार व्हायचे. पचनसंस्था, श्वसनसंस्था, अस्थिसंस्था वगैरे. मूळ चित्र हातानं रंगवायचं, ते पुण्याला छापायला जायचं आणि छापील तक्ते वरखाली लाकडी पट्ट्या ठोकून गावोगावच्या शाळांत पोचायचे. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळा नसलेल्या शाळा पुष्कळ होत्या, पण तक्ता असायचाच!

चित्रं रंगवायचा नाना. वय चाळिशीच्या आसपास, गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नानाच्या वडिलांनी कळप मोडून शेती धरली आणि नानानं शेती सोडून ब्रश धरला. दोन तालुक्यांतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांवरची नावं त्याच्या हातची होती. अक्षर असं, की ट्रॉली चिखलात रुतली तरी लोक आधी नाव वाचायचे आणि मग धक्का मारायचे.

आणि तपासायचो मी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, दुपारनंतर विश्वासरावांकडे जायचो. खिशाला लाल पेन. तक्त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चित्रकाराच्या नावासाठी बोटभर जागा सोडलेली असायची. त्या जागेबद्दल एक नियम होता आणि तो माझाच होता, उगीच विश्वासरावांवर ढकलत नाही. चित्र पहिल्या खेपेला निर्दोष उतरलं, माझ्या हातची एकही दुरुस्ती लागली नाही, तरच त्यावर चित्रकाराचं नाव छापायचं. नाव म्हणजे जबाबदारी, असं मी पहिल्याच दिवशी भाषण ठोकलं.

नाना म्हणाला, "कबूल."

मला वाटलं, दोन-तीन महिन्यांत लागेल नाव. शिकेल हळूहळू.

*

पहिला तक्ता पचनसंस्थेचा. मी नानाला पुस्तकातलं चित्र दिलं होतं, तळहाताएवढं, काळंपांढरं. त्यानं ते चार फुटी करून आणलं. रंग असे की बघत राहावं. समोरच्या गल्लीत डॉक्टर दोशींचा दवाखाना होता. पेशंट नसले की ते आमच्याकडे चहाला यायचे आणि त्याला विज्ञानसेवा म्हणायचे. यकृताकडे बघून ते म्हणाले, "सर, हा रंग मी पुस्तकात कधीच बघितला नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच बघितलाय!"

मीही खूश झालो. मग जठराकडे आलो. जठराला कप्पे दिसले. मोजले तर चार!

"नाना, पुस्तकात एकच पिशवी आहे. तुम्ही चार काढल्यात."

"पुस्तकातलं चित्र लय बारकं हुतं सर. नीट दिसंना. म्हणून जे ठावं हाय ते काढलं."

"हे कुठं बघितलंत?"

"लहानपणापासनं बघतोय की! जत्रंला बकरं पडलं की आतलं सगळं मीच साफ करायचो."

यकृताचा रंग कुठून आला तेही कळलं. मी लाल पेन काढलं. डॉक्टर दोशी म्हणाले, "राहू द्या हो सर. ह्या माणसाला जेवण झाल्यावर झाडाखाली बसून रवंथ करायला सांगा, सगळं व्यवस्थित पचेल."

कपाटामागची पहिली गुंडाळी ती.

*

नंतर रक्ताभिसरण. शरीरभर रक्तवाहिन्यांचं जाळं, फार कष्टाचं काम. नानानं महिनाभर बारीक ब्रशानं ते काढलं. केसाएवढीही एक वाहिनी तुटलेली नव्हती. फक्त सगळ्या लाल.

"नाना, नीला निळ्या रंगवायच्या. पुस्तकात निळ्या आहेत."

"निळ्या? रगत निळं आसतंय?"

"रक्त लालच असतं. पण फरक कळावा म्हणून तक्त्यात निळं दाखवतात. तशी पद्धत आहे."

नाना विचारात पडला. "म्हंजी चार पिशव्या खऱ्या बघून काढल्या तर चूक. आन् निळं रगत कुणीच बघितलं न्हाय, तर ते बरोबर."

ह्यावर मी जे उत्तर दिलं ते वीस मिनिटांचं होतं. विश्वासराव मध्येच उठून गेले. नानानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निम्मं शरीर निळं केलं.

पण त्याच तक्त्यात दुसरी चूक होती आणि ती जास्त जिव्हाळ्याची निघाली. हृदय चुकीच्या बाजूला होतं. ही चूक नवशिके नेहमीच करतात. तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मी नानाला समजावलं. तो मान हलवून गेला आणि नवीन चित्र घेऊन आला. हृदय पुन्हा चुकीच्या बाजूला!

मग मी त्याला युक्ती दिली. मुलांनाही मी तीच द्यायचो. "नाना, पाठांतर करू नका. स्वतःच्या छातीवर हात ठेवा. धडधडतंय कुठं ते बघा. मग आपणच तक्त्यात आहोत आणि बाहेर बघतोय, असं समजा. त्या बाजूला काढा. चूक होणारच नाही."

नानानं माझ्यासमोर शर्टात हात घातला, डोळे मिटले, मान डोलावली. "कळलं सर. आता चुकायचं न्हाय."

चार दिवसांनी चित्र आलं. हृदय तिथंच!

माझा पारा चढला. "अहो, दोन तालुक्यांच्या पाट्या रंगवता आणि डावं-उजवं कळत नाही?"

"हात ठिवूनच काढलंय सर," नाना हळू आवाजात म्हणाला. "पुन्यांदा ठिवून बगू का?"

"नको," मी म्हणालो. "ह्यापुढं छाती असलेल्या प्रत्येक चित्रावर मी आधीच पेन्सिलीनं फुली मारून देईन. तिथं हृदय काढायचं. डोकं चालवायचं नाही."

आणि मी तसंच करत राहिलो. फुली म्हणजे माझ्या हातची दुरुस्ती, तेव्हा त्या चित्रांवर नाव नाही. नियम म्हणजे नियम. मी तेव्हा असा होतो. आता थोडा कमी आहे.

*

हसत हसत सांगतोय खरा, पण मधला एक प्रसंग हसण्याचा नव्हता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नानाची मुलगी सुमी. तेव्हा आठवीत, गावच्याच शाळेत. तिच्या वर्गात आमचा श्वसनसंस्थेचा तक्ता लागला. सुमीनं मोठ्या कौतुकानं मैत्रिणींना सांगितलं, हे चित्र माझ्या वडिलांनी काढलंय. मुली म्हणाल्या, मग नाव कुठाय? कोपरा तर रिकामा! सुमी हट्टाला पेटली. बाईंनी भांडण मिटवलं आणि सुमीला सांगितलं, बाळ, असं खोटं बोलू नये.

नानानं मला हे ब्रश धुता धुता सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. "पोरगी दोन दीस जेवली न्हाय सर. म्हणती, सगळ्या गावाची नावं लिहिता, तुमचं कुठं हाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सर सोडत न्हाईत. एक तरी चित्र बिनचूक काढतो, मग नाव लावू, मग तुझ्या वर्गात लावू."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. नियम सोडून द्यावा असंही मनात आलं. पण मी त्याला म्हणालो काय, तर "मन लावून काढा, होईल." मास्तरकी हाडात भिनली की माणसाला दुसरं सुचत नाही.

*

त्यानंतर नाना इरेला पेटला. अस्थिसंस्थेचा तक्ता आला तेव्हा म्हणाला, "पुस्तक नको. खरा सांगाडा दावा. बघून काढतो."

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सांगाडा होता. नाना दोन रविवार त्याच्यापुढं मांडी घालून बसला. शिपाई सांगत होता, पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. चित्र आलं आणि मी अर्धा तास पेनाचं टोपण काढलं नाही. दोनशे सहा हाडं, जिथल्या तिथं. विश्वासराव माझ्या तोंडाकडे बघत होते, नाना जमिनीकडे.

आणि मला अंगठे दिसले! तळवे समोर करून माणूस उभा राहिला की अंगठे बाहेरच्या बाजूला येतात. नानाच्या सांगाड्याचे दोन्ही अंगठे मांड्यांकडे होते.

मी लाल गोल काढले. नाना पहिल्यांदाच भांडला. "न्हाय सर. ही चूक माजी न्हाय. चला सांगाड्याकडं."

स्कूटरवर बसून कॉलेजात गेलो. सांगाड्याचे दोन्ही अंगठे मांड्यांकडे! मागं कधीतरी सांगाडा पडला होता, हात निखळले होते आणि शिपायानं तारेनं परत बांधताना डावा पंजा उजव्या हाताला लावला होता. मी चार वर्षं त्याच सांगाड्यावर शिकवत होतो. चार वर्षांत एकाही मुलानं विचारलं नाही, आणि मीही बघितलं नाही.

नाना म्हणाला, "जे हाय तेच काढलंय. आता लाल शाई हाडास्नी लावा!"

शिपाई हसला, मीही हसलो. पण तक्ता चुकला तो चुकलाच. नानानं ते चित्र स्वतःच गुंडाळलं आणि कपाटामागे ठेवलं.

*

स्नायूंच्या तक्त्यात तर गंमतच झाली. स्नायू दाखवायचे म्हणजे कातडी काढलेला माणूस दाखवायचा. वडगाव निंबाळकरहून एक मुख्याध्यापक आले होते, त्यांनी चित्र बघितलं आणि नजर छताकडे वळवली. म्हणाले, "आमच्याकडं मुली पण आहेत शाळेत. ह्यांना काहीतरी नेसवा."

मी म्हणालो, "अहो, अंगावर कातडी नाही, तिथं कपडे काय?"

विश्वासरावांनी गिऱ्हाईक ओळखलं. "नाना, लंगोट घाला."

नानानं लंगोट काढला. काठ, गाठ, सगळं तपशीलवार. मी चित्र इंचाइंचानं तपासलं. कुठंच काही सापडेना. लंगोट शरीरशास्त्रात येत नाही, म्हणून तो सोडून दिला. शेवटी पेन खिशात ठेवलं आणि म्हणालो, "नाना, लिहा नाव."

नानाला खरं वाटेना. त्यानं कोपऱ्यात आधी पेन्सिलीनं नाव लिहिलं, रंगात उद्या सकाळी अंघोळ करून लिहितो म्हणाला. विश्वासरावांनी पेढे मागवले.

पेढे यायच्या आधी इंदापूरचे एक वस्ताद आले. तालमीची पाटी रंगवून घ्यायची होती. सोबत एक आडदांड पठ्ठ्या. पाटीचं बोलणं राहिलं बाजूला, वस्ताद तक्त्यापुढं उभे राहिले. बराच वेळ मांडीकडे बघत होते.

"हा पट्टा कुणी काढलाय?"

"का वो वस्ताद?" नानानं विचारलं.

"ह्यो असा सरळ खाली जात न्हाय. भाईरच्या अंगानं निघतोय आन् गुडघ्याच्या आतल्या अंगाला येतोय. ए, मांडी घाल रं!"

पठ्ठ्यानं एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि जोर लावला. मांडीवर तिरपा पट्टा दोरीसारखा वर आला. बाहेरून आत. मी पुस्तक उघडलं. बाहेरून आत! वस्ताद बरोबर होते आणि मी ती चूक पास केली होती. पुस्तक न वाचलेल्या माणसानं माझ्या पुढ्यात मला नापास केलं.

मी गप्प बसलो असतो तर बाहेर कुणाला कळलंही नसतं. हे मला त्या वेळीही कळत होतं. पण नानानंच खोडरबर घेतलं आणि कोपऱ्यातलं नाव पुसलं. "ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला. "चूक ती चूक."

वस्तादांना काही ठाऊक नव्हतं. ते जाता जाता नानाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लंगोट मात्र एक नंबर बांधलाय!"

पेढे आले होते. कुणी खाल्ले नाहीत, मग पठ्ठ्यानं खाल्ले.

*

गरोदर मातेचा तक्ता आला तेव्हा तपासायला कुणी पुढं होईना. मी म्हणालो, हा भाग बारावीला नसतो. डॉक्टर दोशी म्हणाले, मी कान-नाक-घशाचा माणूस आहे. वास्तविक ते सगळ्याचेच होते! शेवटी विश्वासरावांनी इंदापूरहून लीलाताईंना बोलावलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आवाज करारी. अर्ध्या तालुक्याला पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली.

त्यांनी चष्मा लावला, खालचं शीर्षक वाचलं, चित्र बघितलं.

"अरे, हे बाळ उभं आहे."

नाना म्हणाला, "उभंच आसणार की ताई. माणसाचं हाय."

"खाली नववा महिना लिहिलंयस ना? नवव्या महिन्यात डोकं खाली पाहिजे. असं उभं बाळ दिसलं की मी जीपमध्ये घालून पुण्याला पाठवायचे!"

नानानं तक्ता भिंतीवरून काढला आणि उलटा करून लावला. "आता?"

लीलाताईंनी परत चष्मा लावला. "आता बाळ बरोबर आहे. आई डोक्यावर उभी आहे!"

विश्वासराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नानाही हसला. लीलाताई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, एवढा हात चांगला आहे त्याचा. नाव का घालू देत नाही?" मी त्यांना नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून सगळी बाळंतपणं पहिल्या खेपेला बिनचूक झाली असती, तर मीही असेच नियम केले असते." आणि एसटीला निघून गेल्या.

*

आता शेवटचा. दसऱ्याला हा कुणी सांगत नाही, कारण ह्याची गुंडाळी कपाटामागे नाही.

सुमी दहावीत गेली होती. शाळेचं शेवटचं वर्ष. नाना अधूनमधून म्हणायचा, "सर, औंदा जमलं तर बरं. पुढच्या वर्सी ती त्या वर्गात नसणार." मी म्हणायचो, बघू. तोवर त्याच्या चित्रांतल्या चुका फार कमी झाल्या होत्या, पण एखादी निघायचीच, आणि छातीचं चित्र असलं की माझी फुली असायचीच.

एके दिवशी कॉलेजात फोन आला. डॉक्टर दोशी. "सर, लाल पेन घेऊन दवाखान्यात या. एक चित्र तपासायचंय."

"कुणाचं?"

"या तर खरं."

तास संपवून गेलो. डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवरचा दिवा लावलेला, त्यावर छातीचा एक्स-रे. मी दारातूनच बघितलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हृदय चुकीच्या बाजूला आहे. कुणी काढलंय हे?"

"काढणाऱ्याला मी ओळखत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याचं काढलंय, तो तुमच्या मागं बसलाय."

मागं वळलो. स्टुलावर उघड्या अंगानं नाना बसला होता. सोमेश्वरनगरच्या रस्त्याला एक भिंत रंगवताना शिडी सरकली होती. बरगडीला मार लागला म्हणून डॉक्टरांनी एक्स-रेला पाठवलं होतं. एक्स-रेवाल्याला वाटलं, आपल्याकडून प्लेट उलटी झाली. त्यानं परत काढली. परत तेच. तिसऱ्यांदा काढून तो स्वतःच प्लेट घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्हीच बघा, मला आज काय झालंय कळत नाही."

डॉक्टरांनी नानाच्या छातीला डावीकडे नळी लावली. काही धड ऐकू येईना. उजवीकडे लावली. धडधड धडधड! यकृतही डावीकडे. सगळा संसारच उलट्या बाजूला मांडलेला. "घाबरायचं काही कारण नाही," डॉक्टर मला म्हणाले, "चाळीस वर्षं बिनतक्रार चाललंय. अशी माणसं असतात. मीही पहिल्यांदाच बघतोय. बरगडीसुद्धा मोडलेली नाही."

मी नानाजवळ गेलो. त्याच्या छातीवर हात ठेवला, उजव्या बाजूला. माझ्या तळहाताखाली त्याचं हृदय ठणठणीत उडत होतं.

नाना प्लेटकडे बघत होता. "सर," तो म्हणाला, "ह्यो तर माजा रगताचा पयला तक्ता."

तसाच होता. हृदय तिथंच, त्याच कोनात.

"तुमी म्हणला हुता, छातीवर हात ठिवा, धडधडतंय कुठं ते बगा, आन् तितं काढा."

"हो."

"मी हात ठिवूनच काढलं हुतं."

त्या दिवशी नाना माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता, शर्टात हात घालून. तो हात कुठल्या बाजूला गेला, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी तक्त्याकडे बघत होतो. आणि नंतर इतकी वर्षं फुल्या मारत राहिलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

"चुकलं माझं, नाना," मी म्हणालो.

त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो अजून प्लेटच बघत होता. "मग आता ह्याच्यावर लाल शाई हाय का न्हाय, तेवढं सांगा."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पेन माझ्या हातातच होतं. मी त्याला टोपण लावलं.

"नाही," मी म्हणालो. "एकही दुरुस्ती नाही."

नाना बरगडी धरून उठला. स्टुलाखालची त्याची पिशवी घेतली, पांढऱ्या रंगाची डबी काढली आणि सगळ्यांत बारीक ब्रश काढला. दिव्यावरची प्लेट उतरवली, टेबलावर सपाट ठेवली. खालच्या उजव्या कोपऱ्यात, काळ्यावर पांढरं, एकेक अक्षर जोखून त्यानं लिहिलं. चित्रकार नाना, मु. पो. कळस.

"अहो नाना!" डॉक्टर ओरडले. "दवाखान्याची प्लेट आहे ती!"

नानानं ओल्या रंगावर हळूच फुंकर घातली.

"खिडकीला लावली की सुमीच्या सगळ्या वर्गाला दिसंल," तो म्हणाला. "नावासकट."